चार तासांच्या कार्यशाळेत सुरक्षा चाचणीची किती साधने शिकवावीत?

मांडवीकाठ

नमस्कार. मी पुण्यात राहते आणि गेली सात वर्षे वेब ॲप्लिकेशनच्या सुरक्षा चाचणीचे काम करते. गोव्यात भरणाऱ्या एका हॅकर परिषदेसाठी मी पाठवलेला कार्यशाळेचा प्रस्ताव मंजूर झाला असून मला चार तास आणि चाळीस जणांची खोली मिळणार आहे. प्रस्ताव लिहिताना उत्साहाच्या भरात मी त्यात सहा साधनांची नावे घातली: एनमॅप (यंत्रावरची पोर्ट, म्हणजे सेवांची क्रमांक दिलेली दारे, तपासणारे), वायरशार्क (जाळ्यातून जाणारी पॅकेट दाखवणारे), बर्प सूट आणि झॅप (वेबच्या विनंत्या मध्येच अडवणारे प्रॉक्सी), एसक्यूएलमॅप (डेटाबेसच्या क्वेरींमधल्या त्रुटी शोधणारे) आणि मेटास्प्लॉइट (सापडलेल्या त्रुटी वापरून आत शिरून पाहणारे). आता तीच यादी माझ्या मानगुटीवर बसली आहे.

रंगीत तालीम म्हणून मागच्या महिन्यात मी एका महाविद्यालयात हीच कार्यशाळा घेऊन पाहिली आणि तिची पुरती फजिती झाली. काली लिनक्स या चाचणीची साधने आधीच बसवलेल्या प्रणालीची काही गीगाबाइटची प्रतिमा, म्हणजे एका फायलीत बांधलेली पूर्ण प्रणाली, सर्वांनी एकाच वेळी तिथल्या वाय-फायवरून उतरवायला घेतली, त्यात दीड तास गेला. तिघांकडे ॲपलचे स्वतःचे प्रोसेसर असलेले लॅपटॉप होते आणि इंटेलसाठी बनवलेली ती प्रतिमा त्यांवर चालेचना. उरलेल्या वेळात मी पडद्यावर आज्ञा टाइप करत गेले आणि मुले त्या वहीत उतरवून घेत गेली. अगदी शेवटी एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, हे पोर्ट उघडे आहे असे दिसते आहे, पण त्यावरून आता नेमके काय समजायचे?" खरे तर कार्यशाळा तिथून सुरू व्हायला हवी होती, आणि मी तर लॅपटॉप आवरत होते.

आणखी एक प्रकार घडला. एका विद्यार्थ्याने मी दिलेला पत्ता सोडून थेट महाविद्यालयाच्याच संकेतस्थळावर स्कॅन सुरू केला. माझे लक्ष गेले म्हणून तो थांबला. गोव्यात चाळीस अनोळखी माणसे समोर असताना प्रत्येकाच्या पडद्यावर माझे लक्ष राहणार नाही.

ज्यांनी अशा परिषदांमध्ये शिकवले आहे त्यांना विचारते: साधने किती ठेवावीत, सरावाची व्यवस्था कशी करावी, आणि अशा वेळी शिकवणाऱ्यावर कायद्याने कितपत जबाबदारी येते?

जुना टर्मिनल

सहापैकी चार नावे आजच खोडा आणि तसे आयोजकांना कळवा. मंजूर प्रस्तावातून विषय कमी झाला म्हणून कोणी रागावत नाही; छापील पत्रिकेत सहा नावे वाचून आलेला माणूस मात्र दोनच शिकून परतला, तर तो रागावतो आणि त्याचे चुकत नाही.

माझ्या मते एनमॅप आणि एक प्रॉक्सी एवढेच ठेवावे. प्रॉक्सी म्हणून बर्प घ्या किंवा झॅप घ्या, पण दोन्ही नकोत. दोघांचेही मूळ काम ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसून येणारी-जाणारी विनंती अडवणे, दाखवणे आणि बदलू देणे हेच आहे. शिवाय दोघेही सुरुवातीला ८०८० याच पोर्टवर बसू पाहतात, त्यामुळे एकाच लॅपटॉपवर दोन्ही उघडली की दुसरे कुरकुर करते आणि त्या एका गोंधळात तुमची वीस मिनिटे जातात. मेटास्प्लॉइट तर मी सर्वांत आधी काढीन. २००३ मध्ये एच. डी. मूर यांनी सुरू केलेला तो प्रकल्प उत्तम आहे, पण नवख्याला चार तासांत त्यातून एवढेच कळते की चार ओळी टाइप केल्या की समोरच्या यंत्राचा ताबा मिळतो. खोलीत टाळ्या पडतात, आणि घरी गेल्यावर तोच माणूस अद्ययावत यंत्रावर त्याच चार ओळी चालवतो व काहीच घडले नाही म्हणून गोंधळतो.

लक्ष्य एकच ठेवा. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेचे ज्यूस शॉप मी सुचवीन, कारण ते मुद्दाम त्रुटी ठेवून बनवलेले फळांच्या रसाचे दुकान आहे, प्रत्येकाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर चालते आणि बिघडले तर बंद करून पुन्हा सुरू करता येते. तुमच्या त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच दडलेले आहे. ज्यूस शॉप ३००० क्रमांकाच्या पोर्टवर चालते. त्या पोर्टवर साधा एनमॅप चालवा. तो पोर्ट उघडे असल्याचे सांगेल आणि सेवेच्या रकान्यात 'पीपीपी' (दोन यंत्रांच्या थेट जोडणीच्या एका पद्धतीचे नाव) असे लिहील. आता खोलीला विचारा की रसाच्या दुकानात पीपीपी कुठून आले. बहुतेक जण साधनावर विश्वास ठेवून काहीतरी स्पष्टीकरण रचू लागतील. वस्तुस्थिती अशी की एनमॅपने त्या पोर्टवरच्या सेवेशी एक शब्दही बोललेला नसतो. त्याच्याजवळ पोर्ट क्रमांक आणि सेवांची नावे यांचा एक तक्ता असतो आणि ३००० समोर तिथे जे नाव आहे ते तो छापतो. मग सेवा ओळखण्याचा पर्याय लावून तोच स्कॅन पुन्हा करायला सांगा. त्यानंतरही बऱ्याचदा तेच नाव पुढे प्रश्नचिन्ह लावून येते आणि त्याखाली सर्व्हरने प्रत्यक्ष काय उत्तर दिले याचे तुकडे दिसतात. त्या तुकड्यांमध्ये एचटीटीपीचा, म्हणजे वेबच्या संवादाचा, मजकूर स्पष्ट वाचता येतो. साधन ज्याला ओळखू शकले नाही ते माणसाने वाचून ओळखले, हा अनुभव पहिल्या तासातच मिळाला तर पुढचे तीन तास लोक पडद्यावरच्या प्रत्येक ओळीकडे संशयाने पाहतात, आणि चाचणी करणाऱ्याला तो संशय लागतोच.

वायरशार्क यादीतून काढा, पण लॅपटॉपवर राहू द्या. तो शिकवायचा नाही. भिंगासारखा एकदाच वापरायचा. उघड्या पोर्टकडे सिन, म्हणजे जोडणी मागणारे पॅकेट, पाठवले की सिन-ॲक हा होकार परत येतो, बंद पोर्टकडून रीसेट, म्हणजे नकार, येतो, आणि मध्ये फायरवॉल मुकाट्याने पॅकेट गिळत असेल तर काहीच येत नाही. उघडे, बंद आणि गाळलेले या तीन शब्दांमागे हे तीन प्रसंग आहेत, एवढे डोळ्यांनी पाहिले की पुरे. एनमॅप १९९७ च्या सप्टेंबरमध्ये फ्रॅक या हॅकरांच्या नियतकालिकाच्या ५१ व्या अंकात आपल्या मूळ कोडसह छापून आले होते. त्याच्या पोटातली ही कल्पना तेव्हाही इतकीच सोपी होती.

आता व्यवस्थेविषयी. परिषदेच्या हॉटेलातल्या वाय-फायवर काडीचाही भरवसा ठेवू नका. तिथे सगळे पाहुणे बहुधा एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागून बाहेर पडतात, आणि ज्यूस शॉपसारख्या ॲप्लिकेशनच्या तयार प्रतिमा जिथून उतरवतात त्या डॉकर हबने २०२० च्या नोव्हेंबरपासून खाते नसलेल्यांच्या डाउनलोडला आयपीमागे मर्यादा घातलेली आहे. म्हणजे वेग चांगला असला तरी चाळिसांपैकी मागून येणाऱ्यांना नकार मिळू शकतो. आपला एक राउटर घेऊन जा, त्याला इंटरनेट जोडू नका, आणि एका लॅपटॉपवरून सर्व फायली त्या बंदिस्त जाळ्यात वाटा. पेन ड्राइव्ह फिरवण्याची कल्पना सुचली तर आवरा. हॅकर परिषदेत अनोळखी पेन ड्राइव्ह कोणी आपल्या यंत्रात घालणार नाही, आणि कोणी घातलाच तर कार्यशाळा थांबवून आधी त्याचेच प्रबोधन करावे लागेल. फायलींचे शा-२५६ ठसे (फाइल वाटेत बदललेली नाही हे ज्यावरून कळते ते आकडे-अक्षरांचे संच) फळ्यावर लिहून ठेवा आणि ते पडताळून पाहण्यापासूनच सुरुवात करा. काली लिनक्सची तर गरजच नाही. दोन साधने विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर सरळ बसतात. आणि ज्या प्रतिमा दोन्ही प्रकारच्या प्रोसेसरसाठी मिळतात त्याच घेतल्या की ॲपलवाल्यांचा प्रश्न मिटतो.

कोकणकडा

जुना टर्मिनल यांच्या बऱ्याच म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु क्रमाबाबत माझा स्पष्ट मतभेद आहे. कंपन्यांमध्ये प्रशिक्षण देताना मी कित्येक वर्षे पॅकेटपासून सुरुवात करत असे आणि दुसऱ्या चहाला निम्मी खोली फोनमध्ये डोके घालून बसलेली असे. परिषदेला आलेला माणूस रजा टाकून आणि पदरमोड करून आलेला असतो; त्याच्या हाताला पहिल्या अर्ध्या तासात काहीतरी लागले पाहिजे. म्हणून मी प्रॉक्सी आधी घेतो आणि एनमॅप नंतर, तेही जेमतेम पाऊण तास.

माझी पद्धत अशी. झॅपचा स्वयंचलित स्कॅन ज्यूस शॉपवर सोडायला सांगायचे आणि अहवाल येईपर्यंत काहीही समजावायचे नाही. ज्यूस शॉपची पाने ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने घडतात, त्यामुळे एचटीएमएलमधले दुवे वेचत जाणाऱ्या साध्या स्पायडरला तिथे फारसे काही सापडत नाही. अहवालात सुरक्षेचे अमुक हेडर नाही, तमुक हेडर नाही अशा सूचनांची रांग लागते आणि लोकांना वाटते की काम झाले. मग लॉगिनच्या पानावर ईमेलच्या जागी फक्त एक अवतरणचिन्ह टाकून विनंती पाठवायला सांगायची आणि प्रॉक्सीमध्ये सर्व्हरचे उत्तर उघडायला लावायचे. त्यात डेटाबेसची चूक तर असतेच, शिवाय ज्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, ते चिन्ह जाऊन घुसले ती क्वेरी जशीच्या तशी छापलेली असते. पडद्यावरच्या पानात यातले जवळपास काहीच दिसत नाही. स्कॅनरच्या अहवालात नसलेली गोष्ट एका चिन्हाने बाहेर आली, हे पाहिल्यावर लोक स्वतःहून विचारू लागतात की मग स्कॅनर नेमके करतो तरी काय, आणि सिद्धान्त सांगण्याची वेळ तेव्हा येते. भूक लागल्यावर वाढलेले पानात राहत नाही.

एक खाचखळगा आत्ताच सांगून ठेवतो, कारण त्याने माझ्या एका वर्गाचा अख्खा तास खाल्ला होता. फायरफॉक्स आणि क्रोम हे दोन्ही ब्राउझर स्वतःच्याच यंत्रावरच्या पत्त्याची, म्हणजे लोकलहोस्टची, वाहतूक प्रॉक्सीकडे आपणहून पाठवत नाहीत. शिकणाऱ्याने प्रॉक्सीची मांडणी अगदी बरोबर केलेली असते, ज्यूस शॉपही दिसत असते, आणि प्रॉक्सीचा इतिहास मात्र कोरा. फायरफॉक्समध्ये यासाठी प्रगत मांडणीत एक नोंद बदलावी लागते. त्यापेक्षा बर्पबरोबर येणारा त्याचा स्वतःचा ब्राउझर किंवा झॅपमधून उघडणारा ब्राउझर वापरायला सांगा; सर्टिफिकेट बसवण्याची कटकटही त्यातच वाचते.

आणि एक विनंती. कार्यशाळा आणि प्रात्यक्षिक यांची गल्लत करू नका. ब्लॅक हॅट या सुरक्षा परिषदेत २०१० पासून आर्सेनल नावाचा विभाग चालतो, तिथे साधनाचा कर्ता टेबलापाशी उभा राहून आपले साधन दाखवतो आणि लोक दहा-पंधरा मिनिटे थांबून पुढे सरकतात. तिथे सहा काय, बारा साधने पाहिली तरी चालते. तुमचे चार तास हा वेगळा व्यवहार आहे.

जुना टर्मिनल

क्रमाचा मुद्दा मान्य. अवतरणचिन्हाचा प्रयोग पहिल्या अर्ध्या तासात बसत असेल तर पीपीपीचा प्रसंग त्यामागून घेतला तरी त्याची धार कमी होणार नाही. पाऊण तास मात्र मला अपुरा वाटतो. गाळलेले पोर्ट आणि बंद पोर्ट यांतला फरक समजायला लोकांना वेळ लागतो आणि बाहेर काम करताना पहिली चूक तिथेच होते.

एल्बेतीर

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या हॅम्बुर्गमध्ये असतो. वर्षअखेरीस इथे भरणाऱ्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकर मेळाव्यात श्रोता म्हणून आणि मदतनीस म्हणून बऱ्याच वेळा गेलो आहे. तिथे मोठ्या सभागृहांतल्या व्याख्यानांइतकीच गर्दी कोपऱ्यातल्या टेबलांभोवती असते आणि शिकवणे बहुतांशी तिथेच चालते. मला भावलेली गोष्ट ही की टेबलावर शिकवणारा क्वचितच पडद्याकडे बोट दाखवतो. कळफलक शिकणाऱ्याच्या हाती असतो आणि शिकवणारा आपले हात मागे बांधून उभा असतो. हात मागे बांधणे दिसते सोपे, पण शेजारचा माणूस तिसऱ्यांदा चुकीचा पर्याय टाइप करत असताना गप्प राहणे फार कठीण जाते.

कायद्याचा प्रश्न तुम्ही भारतापुरता विचारला आहे, तरी जर्मनीतला अनुभव उपयोगी पडेल. २००७ मध्ये इथे दंडसंहितेत २०२ क हे कलम आले. अनधिकृत प्रवेशाच्या तयारीसाठी साधने बनवणे किंवा पुरवणे हाच त्यामुळे गुन्हा ठरला, आणि चाचणीचे काम करणाऱ्यांच्या पोटात गोळा आला, कारण एनमॅपसारखे साधन पहारेकऱ्याच्याही हातात असते आणि चोराच्याही. अखेर २००९ मध्ये इथल्या घटनात्मक न्यायालयाने स्पष्ट केले की असे दुहेरी वापराचे साधन त्या कलमात बसत नाही. ते गुन्ह्याच्याच हेतूने घडवलेले असले पाहिजे. त्या दोन वर्षांत इथल्या शिकवणाऱ्यांना एक सवय लागली, जी मला अजूनही दिसते: आज कोणत्या पत्त्यावर आणि कोणाच्या परवानगीने काम करायचे आहे, हे पहिल्याच पानावर लिहिलेले असते.

कलमदान

मी वकील आहे, तांत्रिक नाही. म्हणून फक्त शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि हा औपचारिक सल्ला समजू नये.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये कलम ४३ हे मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणकात अथवा जाळ्यात प्रवेश करणे, त्यातील माहिती काढून घेणे, त्यात बाधा आणणे इत्यादी कृत्यांविषयी आहे आणि त्याचा परिणाम नुकसानभरपाई हा आहे. हीच कृत्ये अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली तर कलम ६६ लागते आणि तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. शिकवणाऱ्याने बारकाईने वाचावा असा भाग म्हणजे कलम ४३ चा इंग्रजी प्रतीतला 'जी' हा खंड. अधिनियमाच्या विरुद्ध जाऊन प्रवेश करणे सुलभ व्हावे म्हणून एखाद्याला साहाय्य करणे, हेही त्यात येते.

याचा अर्थ साधन शिकवणे बेकायदा आहे असा मुळीच नाही. पण तुमच्या खोलीतल्या एखाद्याने परक्या संकेतस्थळावर हात टाकला आणि पुढे प्रश्न उपस्थित झाला, तर तुम्ही काय सांगितले होते आणि काय होऊ दिले होते, हे पाहिले जाईल. म्हणून सरावाचे लक्ष्य, त्याबाहेर न जाण्याची अट आणि अट मोडल्यास खोलीबाहेर जावे लागेल ही सूचना लेखी द्या आणि प्रत्येकाची सही घ्या. आयोजकांच्या वाय-फायची परवानगीही गृहीत धरू नका. ते जाळे हॉटेलचे आहे, आणि आयोजकांची परवानगी म्हणजे हॉटेलची परवानगी नव्हे.

मांडवीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आयोजकांना आज कळवले. पत्रिकेत आता एनमॅप आणि झॅप एवढीच दोन नावे राहतील. झॅप निवडण्याचे कारण साधे आहे: ते मुक्त स्रोताचे आहे आणि कोणालाही नंतर पैसे न भरता त्याच्या सर्व सोयींवर सराव चालू ठेवता येईल, तर बर्पच्या विनामूल्य आवृत्तीत स्वयंचलित स्कॅनर मिळत नाही. कोकणकडा यांचा स्कॅनरच्या अपेक्षाभंगाचा प्रयोग त्यामुळे बर्पच्या त्या आवृत्तीवर करताच आला नसता.

काल रात्री घरी ३००० चा प्रयोग करून पाहिला. सात वर्षांत मी हा पीपीपी शब्द अनेकदा पाहिला होता आणि नजरेआड केला होता. तो कुठून येतो हे मी कधी स्वतःला विचारलेच नव्हते, हे इथे कबूल करते.

बंदिस्त राउटरबाबत एक शंका आहे. चाळीस लॅपटॉप एकाच जाळ्यात आले तर लोक एकमेकांनाच स्कॅन करू लागतील. डेफ कॉन या हॅकर परिषदेत तर उघड्या मजकुरात गेलेले पासवर्ड अर्धवट झाकून भिंतीवर झळकवण्याची 'वॉल ऑफ शीप' ही जुनी प्रथाच आहे, आणि गोव्यातल्या कोणाला तिची आठवण झाली तर? शिवाय मदतनीस किती घ्यावेत?

जुना टर्मिनल

राउटरमध्ये जोडलेल्या यंत्रांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची सोय असते, ती चालू करा. मात्र फायली वाटणारा लॅपटॉप वायरने जोडा आणि सर्वांना तो दिसतो आहे याची आदल्या दिवशी खात्री करून घ्या, कारण काही राउटर या सोयीत वायरवरचे यंत्रही झाकून टाकतात. ज्यूस शॉप प्रत्येकाच्या आपल्याच लॅपटॉपवर आहे, तेव्हा फायली उतरवून झाल्या की राउटर सरळ बंद केला तरी कार्यशाळा अडत नाही. मी तसेच करतो.

मदतनीस चाळिसांना चार तरी असावेत, आणि त्यांनी आदल्या आठवड्यात संपूर्ण सराव स्वतः एकदा केलेला असावा. पुण्यातल्या नल या सुरक्षा क्षेत्रातल्या समुदायाच्या 'हुमला' सत्रांना जाऊन बसा. तिथे सगळा भर हाताने करून पाहण्यावरच असतो आणि तिथली मंडळी मदतीला तयार होतात. परिषदेच्या काळात ती बहुधा गोव्यात असतातच.

मांडवीकाठ

राउटर बंद करण्याचे मला सुचले नव्हते. मदतनिसांपैकी दोघे ठरले आहेत. तिसरी म्हणून त्या महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीला विचारणार आहे, जिच्या प्रश्नाचे उत्तर मी द्यायचे राहून गेले होते.